मुलगा बोटीत राहतो, आम्ही जायचं की नाही?

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, मी डिचोली तालुक्यातली, वय 67. मिस्टर 72 वर्षांचे, सगळी नोकरी मायनिंग कंपनीत झाली, जेटीवर बार्जचं लोडिंग बघायचे. एकुलता एक मुलगा इंग्लंडात इंजिनिअर आहे, सून पुण्याची, नातू 6 वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बाथमधला भाड्याचा फ्लॅट सोडला आणि एक लांबट बोट विकत घेऊन कालव्यात राहायला गेले. दर 14 दिवसांनी जागा बदलतात. आता म्हणतात मे महिन्यात या, दोन महिने राहा, आमची खोली तुम्हाला देतो. ह्यांचं म्हणणं, बार्जवर खलाशी राहायचे, त्यासाठी मी पोराला इंजिनिअर केला नाही, मी येणार नाही. नातेवाइकांना अजून काही सांगितलेलं नाही, बाथला घर आहे एवढंच सांगतो. माझा गुडघा दुखतो, पोहता येत नाही, संडासाचं कसं करायचं ह्या विचाराने झोप लागत नाही, आणि नातू पाण्यात पडला तर? दोन वर्षं त्याला फक्त मोबाईलवर बघतेय. जावं का? गेलो तर कसं राहायचं?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलूया. जा. नक्की जा. पण दोन महिने नको, चार ते पाच आठवडे पुरे, आणि रात्री बोटीत झोपायचं नाही. बोटीपासून पाच-दहा मिनिटं चालत जाता येईल अशी एक खोली भाड्याने घ्यायची, दिवस बोटीत आणि रात्र खोलीत. ह्या एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे.

मी हे ऐकीव सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी माझ्या भाचीकडे अशाच बोटीवर नऊ रात्री काढल्या, तिकडे तिला नॅरोबोट म्हणतात आणि नावाप्रमाणेच ती अरुंद असते, सात फुटांना दोन इंच कमी. भिंतींची जाडी, आतलं लाकूड वजा करा, म्हणजे हातात सहा फुटांच्या आसपास उरतात. लांबी पन्नास-साठ फूट असते, पण ती सगळी एका रेषेत. आपल्या गोव्यातल्या घरांची वसरी त्याहून रुंद असते. स्वयंपाकघरात कोणी चहा करत असेल आणि तुम्हाला बाथरूमला जायचं असेल तर त्या माणसाला चिकटून, अंग चोरून पुढे जावं लागतं, आणि हे दिवसातून वीस वेळा होतं. तिघांचं तिथे छान चालतं कारण त्यांना सवय झालीय, कोण कधी उठतो, कोण कधी बसतो हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. त्यात आणखी दोन मोठी माणसं आली की सगळं गणित बिघडतं.

आता "आमची खोली तुम्हाला देतो" म्हणजे काय होणार ते सांगते. जेवायचं टेबल खाली करून त्यावर गाद्या टाकून मुलगा आणि सून झोपणार, रोज सकाळी ते आवरायचं, रोज रात्री पुन्हा मांडायचं. त्या जागेला दार नसतं. तुम्हाला किंवा ह्यांना रात्री दोनदा उठायला लागलं तर अंधारात त्यांच्या अंगावरून जाणार. आणि ताई, त्या मुलीचा विचार करा, आंघोळ करून बाहेर पडल्यावर सासरे दोन हातांवर बसलेत, दिवसभरात कुठे पाच मिनिटं दार लावून बसायची सोय नाही, फोनवर आईशी बोलायची सोय नाही. ती मनापासून बोलावतेय ह्यात मला शंका नाही, पण तिच्या मनापासूनपणाची आपण दोन महिने परीक्षा बघू नये. पहिल्या आठवड्यात सगळे खूश असतील, तिसऱ्या आठवड्यात एखाद्या ओल्या टॉवेलवरून कोणाचं तरी तोंड फुगेल आणि तेच आठवत तुम्ही विमानात बसाल. म्हणून खोली वेगळी. भाडं तुम्ही द्यायचं आणि हे मुलाला आधीच सांगून टाकायचं. बाथ हे टुरिस्टांचं गाव, उन्हाळ्यात खोल्या महाग असतात, त्यापेक्षा त्याच कालव्यावर ब्रॅडफर्ड ऑन एव्हन आहे, ट्रोब्रिज आहे, डिव्हायझेस आहे, तिकडे बघायला सांगा.

पण खोली एका जागी आणि बोट दर 14 दिवसांनी पुढे, असं झालं तर कसं जमायचं? ते 14 दिवसांचं प्रकरण तुमच्या मुलाच्या मनातलं नाहीये, कायदाच तसा आहे, 1995 सालचा, की ज्याच्याकडे बोट बांधायची स्वतःची कायम जागा नाही त्याने एका ठिकाणी 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. ह्याला उपाय म्हणजे तुम्ही असाल तेवढे आठवडे त्याने मरिनामध्ये तात्पुरती जागा भाड्याने घ्यावी. मरिना म्हणजे बोटींचा पार्किंग प्लॉट समजा. तिथे सपाट फळ्यांचा धक्का असतो, किनाऱ्यावरून वीज मिळते, नळ जवळ असतो, आणि बहुतेक ठिकाणी किनाऱ्यावर पक्कं बाथरूम-संडास असतं. मेच्या आधीच विचारायला सांगा, उन्हाळ्यात जागा भरतात. मधे एक-दोन दिवस फेरफटका मारायला बोट बाहेर काढायचीच, नाहीतर बोटीत जाऊन उपयोग काय.

गुडघ्याचं. कालव्यात लाटा नसतात, भरती-ओहोटी नसते, तेव्हा बोट लागेल वगैरे भीती काढून टाका, कोणी पाय ठेवला की किंचित झुकते इतकंच. खरी अडचण चढण्या-उतरण्याची. धक्क्यावरून बोटीवर एक मोठं पाऊल, आणि मग आत उतरायला तीन-चार उभ्या पायऱ्या. आपली चोडणची फेरीबोट कशी, फळी खाली येते आणि स्कूटरसकट आत, तसं तिकडे नाही. उतरताना तोंड पायऱ्यांकडे करायचं, पाठ आत, दोन्ही हातांनी दांडे धरायचे आणि एकेक पाय खाली. सरळ तोंडाने उतरायला जाल तर गुडघा दगा देईल. घरी दोन-तीन पायऱ्या भिंतीला धरून अशा उलट्या उतरून बघा, आतापासून रोज, कोणी तरी जवळ असताना. आणि मुलाला सांगा की पायरीला टेप लावून फोटो पाठव, किती उंच आहे ते आम्हाला कळू दे, मधे एक लाकडी पाट ठेवता येईल का बघ. त्याने हसण्यावारी नेलं तर पुन्हा सांगा. साडीपेक्षा सलवार कमीज बरी, चप्पल नको, रबरी सोलचे मागून बंद असलेले बूट. आणि एक गोष्ट दोघांनी पाठ करून ठेवा, बोट धक्क्याला लागत असताना मधे हात किंवा पाय घालायचा नाही, उडी मारायची नाही. पंधरा-वीस टनांची लोखंडी वस्तू ती, हळू येतेय म्हणून हाताने थांबवू असं माणसाला वाटतं, ती थांबत नाही. ह्यांना हे सांगायला नको म्हणा, बार्ज बघितलेत त्यांनी.

आता संडास, कारण त्यावर तुमची झोप उडालीय. बहुतेक बोटींवर कॅसेट टॉयलेट असतो, दिसायला आपल्या कमोडसारखाच, खाली एक बंद डबा, साधारण वीस लिटरचा. तो भरला की काढून चाकांवर ओढत ठरावीक जागी नेऊन रिकामा करायचा आणि धुवायचा, ते काम बहुधा तुमच्या मुलाकडे असेल. तिघांना जो डबा दोन-तीन दिवस पुरतो तो पाच जणांना रोज रिकामा करावा लागेल, आणि आपण पाणी वापरणारी माणसं, पाण्याचा मग घेऊन बसलो की डबा अर्ध्या दिवसात भरतो. हे बोलायला लाज वाटते, मला माहितीये, मला भाचीशी बोलायला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस मी पाणीच कमी प्यायले, त्याने डोकं धरलं आणि तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं तेव्हा ती रडकुंडीला आली. तसं करू नका. सरळ फोनवर विचारून घ्या. सकाळचं सगळं खोलीत उरकायचं, दिवसा मरिनाचं बाथरूम वापरायचं, बोटीतला फक्त अडीनडीला, आणि छोटी पाण्याची बाटली जवळ ठेवायची, तिच्यात मगापेक्षा कमी पाणी लागतं.

पाण्याचंही तसंच. टाकीत ठरावीक पाणी असतं, संपलं की नळावर बोट नेऊन भरायचं. पण ह्या बाबतीत तुम्ही तिकडच्या कोणापेक्षाही तयार असाल. विहिरीचं पाणी ओढून, भाणात ऊन करून, कळशीभर पाण्यात आंघोळ आटपणारी आपली पिढी, आपल्याला काय शिकवायचं. नातवाला तेवढं शिकवा. एक मात्र नवीन आहे. बोटीतल्या बेसिनचं पाणी बहुतेक थेट कालव्यात जातं, म्हणून माशाच्या हुमणाची कढई, तेलकट ताट आधी कागदाने पुसून घ्यायचं आणि मग धुवायचं. बांगडा तिकडे सहज मिळतो, किसलेला खोबऱ्याचा कीस इंडियन दुकानात फ्रोझन मिळतो, पण मिक्सर लावताना सुनेला विचारून लावा, वीज बॅटरीवर असेल तर मिक्सर दोन मिनिटांत बरीच वीज खातो. मरिनात असाल तर प्रश्न नाही. आणि बंद जागेत मासे तळले की तो वास चार दिवस गाद्यांना राहतो, तळण एखाद्या दिवशी आणि तेही दारं-खिडक्या उघडून. बॅगेत सोलां, आंब्याची साटां, मसाला एवढं भरा. तूप, पेढे, दुधाचं, मांसाचं काहीही नेऊ नका, इंग्लंडात ते आपल्याकडून न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

आता जे सांगतेय ते नीट वाचा, ह्यांनाही वाचून दाखवा. बोटीच्या भिंतीला, छताला, दारांना हवेच्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. मे महिन्यातही तिकडची सकाळ आपल्याला थंड वाटते. मी एप्रिलमध्ये गेले होते, रात्री शेगडी धगधगत होती, तरी पायाशी गार वारा येत होता म्हणून मी दाराखालच्या जाळीत माझी शाल कोंबली आणि शांत झोपले. सकाळी भाचीने ती शाल बघितली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. बंद जागेत कोळसा, लाकूड, गॅस जळत असेल आणि हवा मिळत नसेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. तिकडे राहण्याच्या बोटींवर त्याचा अलार्म लावणं 2019 पासून सक्तीचं केलंय ते ह्याचसाठी. तेव्हा थंडी वाजली तर स्वेटर घाला, मोजे घाला, कानटोपी घाला, पण फट बुजवू नका. देवापुढे निरांजन लावायला हरकत नाही, जवळ बसून, शांत झालं की उठायचं.

नातवाची काळजी. कालवा बहुतेक ठिकाणी तीन-चार फूट खोल असतो, मोठा माणूस उभा राहू शकतो, पण सहा वर्षांच्या मुलाला तेवढंही पुष्कळ, शिवाय पाणी गार असतं आणि एकदम गार पाण्यात पडलं की श्वास अडकतो. म्हणून ही काळजी तुम्ही उगाच करताय असं मी म्हणणार नाही. पण तो तीन वर्षांपासून तिथे राहतोय, त्याचे नियम ठरलेले असणार, बाहेर डेकवर लाइफ जॅकेट, बोट चालू असताना कुठे बसायचं, कुठे पळायचं नाही. तुम्ही गेल्यावर पहिल्या दिवशी त्यालाच म्हणा, बाबा रे मला नियम सांग. तो सगळे सांगेल, आणि मग ते तुम्ही दोघांनीही पाळायचे, जॅकेटसकट. आजी म्हणून "असू दे रे थोडावेळ" हे तिथे एकदाही करायचं नाही. आणि दर पाच मिनिटांनी "पडशील, पडशील" असं ओरडूही नका, सुनेला ते टोचेल, तिने त्याला इतकी वर्षं सांभाळलाय.

आता ह्यांच्याबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त जाणवलेलं वाक्य त्यांचंच आहे. मला त्यांचा राग आला नाही. आमोण्याच्या बाजूला नदीकाठी मीही वाढलेय, बार्जवरचे खलाशी कसे राहायचे ते मी बघितलंय, मागच्या टोकाला एवढीशी केबिन, तिथेच स्टोव्हवर भात-आमटी, महिनोन् महिने घर नाही. आणि 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा मांडवीत रिकाम्या बार्ज रांगेने नुसत्या उभ्या होत्या, त्यांच्यावरची किती माणसं गावाला निघून गेली. ज्याने हे सगळं जवळून बघितलं त्याला आपला मुलगा बोटीत राहतो हे ऐकून पोटात गोळा येणारच. आणि एका अर्थी त्यांचं बरोबरही आहे. तिकडचे कालवे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोळसा आणि माल वाहायलाच खोदले, तुमच्या मुलाचा केनेट अँड एव्हन कालवा 1810 मध्ये पुरा झाला. नंतर रेल्वे आली, मालाचं भाडं पडलं, बोटवाल्यांना घरही परवडेना आणि मदतनीसही परवडेना, तेव्हा त्यांनी बायका-पोरांना बोटीवर घेतलं. जेमतेम दहा फुटांच्या केबिनमध्ये सगळं कुटुंब, आणि त्यातही त्यांनी दारांवर गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवले, ती चित्रं अजून बोटींवर दिसतात. पुढे मालवाहतूक संपली, तुमच्या मुलाचा हा कालवा तर कित्येक वर्षं बंद पडून होता, लोकांनी अंगमेहनतीने दुरुस्त केला आणि 1990 मध्ये पुन्हा पुरता खुला झाला. आज तिथे बोटीत राहणाऱ्यांत शिक्षक आहेत, कॉम्प्युटरवाले आहेत, रिटायर्ड माणसं आहेत, काही घरभाडं झेपत नाही म्हणून आलेत हेही खरं. तुमचा मुलगा कशासाठी गेला? हौसेने की पैशांची ओढाताण म्हणून? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि मला वाटतं तुम्ही त्याला कधी विचारलंच नाहीये. विचारा. फोनवर नको, तिकडे गेल्यावर एखाद्या संध्याकाळी कालव्याकाठी चालताना. पैशांची अडचण असेल तर ती ऐकून घ्या, उपाय सुचवायची घाई नको, "परत ये" तर मुळीच नको.

ह्यांना समजवायला मात्र जाऊ नका. "अहो आजकाल सगळे राहतात" ह्याने कोणाचं मन वळत नाही. त्याऐवजी मुलाला सांगा की बाबांना कामाचं काहीतरी विचार. इतकी वर्षं पाण्याजवळ काढलेला माणूस तुमच्या घरात बसलाय आणि त्याच्या मुलाने बोट घेतल्यावर त्याला एक प्रश्न विचारलेला नाही, मला तर वाटतं दुखणं खरं तिथे आहे. दोरी कुठली वापरू, गाठ सुटते तर काय करू, तळाला गंज धरतो त्याला काय लावायचे तुमच्याकडे, असं खरं काहीतरी. आणि नातवाला सांगा की आजोबांना लॉक दाखव व्हिडिओवर. लॉक म्हणजे काय हे तुम्हाला सांगते, ह्यांना मी सांगायची गरज पडणार नाही. कालव्यात बोट वर-खाली न्यायला बांधलेली पाण्याची खोलीच ती, दोन्ही टोकांना दारं असलेली. आपल्या खाजनातली, म्हणजे नदीकाठी बांध घातलेल्या शेतातली, मानस आठवा, पाणी आत-बाहेर सोडायची ती लाकडी दारं, भरती चढली की पाण्याच्या रेट्याने दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आपोआप उघडतात, मधे माणूस लागत नाही. लॉकची दोन दारं तशीच पाण्याच्या जोरावर मिटून राहतात, उंच पाण्याच्या बाजूला किंचित टोक करून भेटतात, जेवढं पाणी जास्त तेवढी घट्ट. फरक एवढाच की इकडे आत-बाहेरचं पाणी भरती-ओहोटीने सारखं होतं आणि तिकडे हँडल फिरवून खालची झडप उघडून ते सारखं करावं लागतं, मग दार ढकललं की उघडतं आणि बोट एक पायरी वर चढलेली असते. डिव्हायझेसजवळ केन हिल म्हणून जागा आहे, तिथे अशी 29 लॉक आहेत, त्यातली 16 तर डोंगराच्या उतारावर एका सरळ ओळीत. मी ती बघितली तेव्हा मला आपल्या मानशीची ती जुनी लाकडी दारं आठवली आणि वाटलं की ज्यांनी ती केली त्यांना हे दाखवायला हवं होतं.

तिकडे गेल्यावर ह्यांना लॉकची दारं ढकलू देऊ नका, 72 व्या वर्षी ते काम नाही, ओला दगड असतो, पाय घसरतो. पण सुकाणू त्यांच्या हातात द्या. मागे उभं राहून एक दांडा धरायचा, बोट डावीकडे न्यायची तर दांडा उजवीकडे. वेगमर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे आपण चालतो त्याहून थोडी जास्त, आणि बांधलेल्या बोटींजवळून तर त्याहून हळू, नाहीतर लाट उठून त्या हलतात. बार्ज जोरात गेली की खाजनाचे बांध कसे ढासळायचे ते ह्यांनी बघितलेलं असणार, त्यांना हळू चालवा म्हणून सांगावं लागणार नाही.

एवढं करूनही ते नाहीच म्हणाले तर तुम्ही एकट्या जा, तीन आठवडे. विमानतळावर व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागून घ्या, मुलगा पलीकडे घ्यायला येईल. नवऱ्याचा राग जाईपर्यंत थांबलात तर नातू आठ वर्षांचा होईल.

नातेवाइकांना सांगा. आत्ताच, तिकीट काढायच्या आधी. "बाथला घर आहे" हे तुम्ही किती दिवस धरून ठेवणार, नातू गणेश चवथीला आला की गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली बसून पहिलं वाक्य बोटीचंच बोलणार, आणि तेव्हा आजी-आजोबांचे चेहरे बघून त्याला कळेल की आपण राहतो त्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे. ते त्याच्यापर्यंत पोचायला नको, बाकी लोक काय म्हणतील ते म्हणू देत. गोव्यात घराघरातून माणसं बोटींवर गेलीत, तारवटी म्हणून त्यांना मान दिलाय आपण, इथे कोणाला बोटीचं नवल वाटायला नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्हिजिटर व्हिसा लागेल, त्यावर एका वेळी जास्तीत जास्त 6 महिने राहता येतं, तुम्हाला पाच आठवडेच हवेत. प्रवासाच्या 3 महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे मेच्या मध्याला जायचं तर फेब्रुवारीच्या मध्यापासून. फॉर्ममध्ये तिकडे कुठे उतरणार ते विचारतात, तिथे भाड्याच्या खोलीचा पत्ता घाला, आणि मुलाच्या पत्रात तो बोटीत राहतो हे स्पष्ट लिहू दे, सोबत बोटीचं लायसन्स आणि मरिनाच्या बुकिंगची कॉपी. लपवायचं नाही, लपवलेलं निघालं तर पुढच्या खेपेलाही त्रास. ह्यांची पेन्शन, घराची कागदपत्रं जोडा, परत येणार आहात हे त्यावरून दिसतं. आणि इन्शुरन्स घेताना शुगर, बीपी, गुडघा सगळं खरं लिहा, कारण तिकडे बाहेरच्या माणसाला ॲडमिट केलं तर सरकारी हॉस्पिटलही ठरलेल्या खर्चाच्या दीडपट बिल लावतं.

मधल्या एखाद्या आठवड्यात तीन-चार दिवस दोघंच कुठेतरी जाऊन या, लंडनला किंवा स्विंडनला, तिकडे आपली गोव्याची माणसं भरपूर आहेत, कोणीतरी ओळखीचं निघेलच. सुनेला तिचं घर चार दिवस तिचं मिळू दे.

अजून एक, हे कोणी आधी सांगत नाही. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. आपली दिवेलागणीची वेळ होते तेव्हा बाहेर लख्ख ऊन असतं, जेवायची वेळ झाली तरी ऊन, नातू झोपायला जातो तरी ऊन. मी तर एप्रिलमध्ये गेले होते, तरी पहिले दोन दिवस मला फार चुकल्यासारखं वाटलं, दिवा कधी लावायचा तेच कळेना. मग भाची म्हणाली, मावशी घड्याळाकडे बघून सातला लाव. तसा लावला, खिडकीतून ऊन येत होतं आणि ज्योत दिसतही नव्हती, पण हात जोडले. तुम्ही नातवाला घेऊन लावा, शुभंकरोति त्याला येत नसेल तर पाच आठवड्यांत येईल.

आज रात्री मुलाला फोन करा, पायरीची उंची विचारा, आणि मग फोन ह्यांच्या हातात द्या.